तालुक्याच्या एकपडदा थिएटरचा महिना कसा लावावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी तिघा मित्रांनी जुनं एकपडदा थिएटर चालवायला घेतलंय. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागतो, रविवारपर्यंत बरं चालतं आणि सोमवारपासून खेळाला पंधरा-वीस माणसं येतात. पुढचे सिनेमे कसे निवडायचे, आणि बचत गट, शाळा, वाचनालय यांना धरून काही कार्यक्रम करता येतील का, आणि लगेच सुरू करायचं तर काय करावं, असं त्यांनी विचारलंय. मी अशाच एका गावात बरीच वर्षं थिएटरचं बुकिंग आणि कार्यक्रम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही महिना शुक्रवारच्या यादीवरून लावताय, ते आधी बदला. ती यादी मुंबईच्या मल्टिप्लेक्सची आणि तुमची एकच असते. तुमच्या गावाचा आठवडा मात्र तुमचाच असतो. भिंतीवर मोठा कागद लावा आणि सिनेमाचं एकही नाव लिहिण्याआधी त्यावर गाव लिहून काढा. आठवडी बाजार कोणत्या वारी, दूध संघाची बिलं कोणत्या तारखांना, कारखान्याची उसाची पहिली उचल साधारण कधी, दहावी-बारावीची परीक्षा, आसपासच्या गावांच्या यात्रा, गणपती, नवरात्र, भात लावणीचे किंवा सोयाबीन काढणीचे आठवडे. आणि मोठ्या अक्षरांत एसटीच्या शेवटच्या गाड्या. संध्याकाळचा खेळ सव्वानऊला सुटत असेल आणि वाड्या-वस्त्यांकडे जाणारी मुक्कामी गाडी नऊला निघत असेल, तर त्या खेळाचा अर्धा प्रेक्षक तुम्हीच घालवताय. खेळ वीस मिनिटं अलीकडे घेतला की फरक दिसतो. हे काम डेपोत जाऊन, कंट्रोलरशी बोलून करायचं. गाड्यांच्या वेळा सुट्टी आणि शाळा यांप्रमाणे बदलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारायच्या.

हा कागद भरला की निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. बाजाराच्या दिवशी दुपारचा बाराचा खेळ सोडू नका, आणि त्या खेळाला मराठी सिनेमा असेल असं बघा. गणपतीत संध्याकाळचे खेळ पडतातच, कारण लोक आरतीला आणि देखावे बघायला बाहेर असतात. तेव्हा दुपारवर भर द्या. नवरात्रात रात्री नऊचा खेळ दांडिया खाऊन टाकतो. पितृपंधरवड्यात मोठे निर्माते सहसा सिनेमा आणत नाहीत, त्यामुळे जुन्या सिनेमांच्या आठवड्यासाठी तो काळ मोकळा मिळतो. आयपीएलच्या दोन महिन्यांत सहा आणि नऊच्या खेळांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी आलेली असतात. आधीच्या चार महिन्यांत गाजलेला आणि तुमच्याकडे नीट चाललेला मराठी सिनेमा तेव्हा चार-पाच दिवसांसाठी पुन्हा लावा. दिवाळीत कामगारांच्या हातात बोनस आणि शेतकऱ्याच्या हातात दूध संघाने दिलेला दरफरक असतो, तेव्हा काहीही वेगळं करू नका. मिळेल तो सगळ्यात मोठा सिनेमा लावा आणि खेळ वाढवा.

आता बुकिंगचं. सिनेमांच्या वितरणासाठी देशाचे विभाग पाडलेले असतात, त्यांना टेरिटरी म्हणतात. तुमचं गाव मुंबई टेरिटरीत येतं. मराठवाड्यात असतात तर निजाम, विदर्भात सीपी बेरार. वितरकाचा माणूस तुम्हाला भाडं, टक्केवारी (तिकिटांच्या गल्ल्यातला वाटा) किंवा एमजी यातलं एक काहीतरी सांगेल. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी: सिनेमा चालो न चालो, तुम्ही ठरलेली रक्कम द्यायची. नव्या माणसाने पहिलं वर्षभर एमजीच्या वाटेला जाऊ नये, कितीही मोठा हिरो असला तरी. टक्केवारीवर मिळत असेल तर आठवड्यागणिक तुमचा हिस्सा वाढतो का ते विचारा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांच्या वादानंतर जो तोडगा निघाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. एकपडद्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण बोलणी करताना आकडे माहीत असावेत.

टक्केवारीइतकंच महत्त्वाचं एक कलम आहे, आणि ते नवी माणसं विचारत नाहीत. मोठ्या हिंदी सिनेमाचा वितरक एकपडद्याला बहुतेक वेळा सगळे खेळ मागतो, कधी एक आठवडा, कधी दोन. हो म्हणण्याआधी सांगायचं: ‘सकाळचा खेळ आणि बाजाराच्या दिवशी बाराचा आमचा. बाकीचे बारा, तीन, सहा, नऊ तुमचे.’ सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ तुम्ही पहिल्या दिवसापासून करारातून बाहेर ठेवली, तरच कार्यक्रमांना जागा राहते. ऐनवेळी शनिवार सकाळ मागायला गेलात तर मिळणार नाही, आणि शाळेला दिलेला शब्द मोडावा लागेल. शाळेचा मुख्याध्यापक एकदा तोंडघशी पडला की दोन वर्षं दारात येत नाही.

छोट्या मराठी सिनेमाचं वेगळं आहे. रविवारी सकाळी फक्त एक खेळ द्या म्हटलं की निर्माता कुरकुरतो, आणि आपल्याला वाटतं त्याला गावाची कदर नाही. खरं कारण बहुधा डिजिटल प्रोजेक्शनचा खर्च असतो. यूएफओ किंवा क्यूब या डिजिटल प्रोजेक्शनच्या कंपन्यांच्या यंत्रणेवर सिनेमा दाखवायचा तर पडद्यामागे निर्मात्याच्या बाजूने शुल्क जातं. एका खेळाला शंभर माणसं आली तर त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून त्याला एक खेळ मागू नका. शुक्रवार ते गुरुवार रोज एक ठरलेला खेळ मागा, आणि त्यातल्या दोन खेळांची किमान तिकिटं बचत गट किंवा कॉलेजकडून आधीच नक्की करून त्याला सांगा. मी बघितलंय, आकडा समोर ठेवला की तोच माणूस प्रमोशनच्या गाडीतून कलाकार घेऊन यायलाही तयार होतो. मराठी सिनेमाच्या टीम प्रदर्शनाच्या आधी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे फिरतच असतात. बुधवारी-गुरुवारी ती गाडी तुमच्या गावाजवळून जाणार का, एवढंच विचारायचं असतं.

तिकीट १०० रुपयांच्या आत ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी १२ होता. १०० च्या वर गेलात की १८. तालुक्याच्या गावाला बाल्कनीसुद्धा या रेषेच्या आत बसते.

आता कार्यक्रम. सुरुवात बायकांच्या खेळापासून करा. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा गावोगावच्या बायका भिशीच्या, भजनी मंडळाच्या, बचत गटाच्या गटांनी, ठरवून साड्या नेसून थिएटरात आल्या. त्यातल्या कित्येक जणी लग्नानंतर पहिल्यांदा थिएटरची पायरी चढत होत्या. तो प्रेक्षक आजही गावातच आहे. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाडीवरून तालुक्याला येण्याचा खर्च आड येत नाही. मग काय आड येतं? वेळ, सोबत आणि स्वच्छतागृह.

वेळ दुपारी बारा ते तीन. सकाळची कामं उरकलेली असतात आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं. सोबतीसाठी एकेकटीला तिकीट विकायला जाऊ नका. गटाच्या अध्यक्षबाईंशी बोला, त्यांच्या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या, आणि पंचवीस जणींच्या गटाला एक सलग रांग राखून ठेवा. रांगेवर गटाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. जागा शोधत अंधारात चाचपडायला लागणं हे अनेकींना फार अवघड वाटतं, म्हणून त्या खेळाला दिवे मालवायच्या आधी पाच मिनिटं थांबा.

स्वच्छतागृहाबद्दल मला ठासून सांगायचंय. एकपडदा थिएटरं बायकांनी सोडली ती सिनेमांमुळे कमी आणि त्या एका खोलीमुळे जास्त. कडी लागते का, बल्ब आहे का, बादली-मग आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे खेळाच्या आधी एका बाईने आत जाऊन बघायचं. डोअरकीपरने नाही. मध्यंतरात चाळीस-पन्नास जणी एकदम जातात आणि दोनच दारं असतात, तेव्हा मध्यंतर पंधरा मिनिटांचा ठेवा आणि तसं ऑपरेटरला आधी सांगा. साफसफाईसाठी त्या दिवशी बाई पूर्ण तीन तास थांबवा. नव्या खुर्च्या, नवा पडदा, रंगरंगोटी हे सगळं याच्या नंतर. पैसे कमी असतील तर पहिला हजार रुपया इथे घाला.

शाळांच्या खेळाला शनिवार धरा, कारण आपल्याकडे बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात आणि शाळेच्या वेळेतच मुलांना आणता-नेता येतं. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना सिनेमाचं नाव, कालावधी आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा वर्ग कागदावर लिहून न्या. आता नुसतं यूए राहिलेलं नाही. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए ७+, १३+ आणि १६+ असे वर्ग आहेत. चौथीच्या मुलांना १३+ सिनेमाला आणलंत तर उद्या पालक शाळेला विचारतील आणि शाळा तुम्हाला. पूर्वीच्या बालचित्र समितीचे सिनेमे आता एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत, तिथे चौकशी करा. त्यात मुलांनी मनापासून बघावेत असे सिनेमे आहेत. आवाज रोजच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवा, पहिली-दुसरीतली मुलं घाबरतात. सिनेमा मोठा असला तरी मुलांसाठी मध्यंतर तासाभरातच घ्या, आणि कँटीनवाल्याला पंचवीस-तीस पाकिटं खाऊ नाही, मुलांच्या संख्येएवढी पाकिटं आधीच बांधून ठेवायला सांगा. मुलं खिडकीशी रांग लावू शकत नाहीत.

ज्येष्ठांसाठी आणि वाचनालयाच्या सभासदांसाठी जुना सिनेमा. आषाढीच्या आठवड्यात ‘संत तुकाराम’ लावून बघा. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा सिनेमा, दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम, आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. जे वारीला जाऊ शकत नाहीत ते आजी-आजोबा या खेळाला येतात, अभंग सुरू झाला की खुर्चीत बसून टाळ्यांचा ठेका धरतात, आणि नातवंडांना घेऊन येतात. हक्कांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: आपल्या कायद्याने सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. पण मोठ्या पडद्यावर चालेल अशी चांगली प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बोलावंच लागतं, आणि गाण्यांचे हक्क वेगळ्या हिशेबाने चालतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ सालचं, आता एनएफडीसीचाच भाग आहे. जुन्या सिनेमांच्या दुरुस्त केलेल्या प्रतींसाठी पहिलं पत्र तिकडे पाठवा. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल पडद्यावर दाखवू नका. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय पन्नास फुटी पडद्यावर ते चित्र बघवत नाही, आणि म्हातारा माणूस एवढ्या लांबून तेवढ्यासाठी आलेला असतो.

गावात पंधरा-वीस जण जरी जगभरचे सिनेमे बघणारे असतील तर फिल्म सोसायटी काढा. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ पासून आहे, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून. फेडरेशनला संलग्न झालात की सिनेमे मिळण्याच्या वाटा कळतात. मात्र तो खेळ सभासदांसाठी असतो, खिडकीवर तिकीट विकून नाही. आणि तुमच्या गावातल्या मुलांनी केलेल्या शॉर्टफिल्मची संध्याकाळ करायची असेल, जी कल्पना मला फार आवडते, तर लक्षात घ्या की थिएटरात जाहीर प्रदर्शन म्हटलं की सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, सिनेमा पाच मिनिटांचा असला तरी. मुलांना सहा महिने आधी सांगा, अर्ज कसा करायचा ते दाखवा. त्यातही ती शिकतात.

थिएटरचा परवाना सिनेमा दाखवण्याचा आहे. कराओके, ऑर्केस्ट्रा, एकांकिका, व्याख्यान यासाठी पोलीस ठाणे आणि तहसील कचेरीत आधी विचारून घ्या. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असलेलीच संहिता घ्या, तिकीट लावून गाणी होणार असतील तर आयपीआरएस, पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने बघा. क्रिकेटची मॅच दाखवायला घरचं किंवा मोबाइलवरचं सबस्क्रिप्शन चालत नाही. जाहीर प्रक्षेपणाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. हे सगळं जमवून महिन्याला असा एखादा कार्यक्रम पुरे.

तंत्राच्या दोन गोष्टी, कारण कार्यक्रम हमखास इथे अडतात. एक, किल्ली. सिनेमा सर्व्हरवर आधी येऊन पडतो, पण तो उघडणारी किल्ली, म्हणजे केडीएम, ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या वेळेपासून चालते, आणि तुमच्याच सर्व्हरच्या नंबरवर बनवलेली असते. सकाळी साडेआठला शाळेचा खेळ आणि किल्ली दहापासून, असं झालं तर तीनशे मुलं अंधाराकडे बघत बसतील. बुकिंग करतानाच लिहून पाठवा: ‘पहिला खेळ शनिवारी साडेआठ, किल्ली सातपासून हवी.’ आदल्या रात्री ऑपरेटरने किल्ली सर्व्हरवर चढलीय का ते बघायचं आणि तिच्यावरची सुरू व्हायची वेळ तुम्हाला फोनवर वाचून दाखवायची.

दोन, लॅपटॉप. व्याख्यात्याची चित्रं, वाचनालयाचा माहितीपट, मुलांच्या फिल्म हे पेनड्राइव्हवर येतं आणि सिनेमाचा सर्व्हर ते वाजवत नाही. प्रोजेक्टरला एचडीएमआय जोडता येतो, पण आवाज त्या वायरीने थिएटरच्या स्पीकरला आपोआप जात नाही. ध्वनीच्या प्रोसेसरवर नॉन-सिंक नावाची वाट असते, मध्यंतरातली गाणी ज्यातून वाजतात ती, त्यात लॅपटॉपची वायर लावायची. आदल्या दिवशी, तोच लॅपटॉप, तीच फाइल लावून पडद्यावर बघा. आणि एक बिनतारी माइक हाताशी ठेवा. पाहुण्यांचं भाषण सिनेमाच्या आधी दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बोलायला जास्त वेळ हवा असेल तर सिनेमा संपल्यावर द्या, बाराच्या खेळाची माणसं दाराशी ताटकळत ठेवू नका.

साडेपाचशे खुर्च्यांत साठ माणसं बसली तर खेळ पडल्यासारखा वाटतो, आलेल्यांनाही आणि तुम्हालाही. कार्यक्रमाच्या खेळाला फक्त बाल्कनी उघडा. साठ माणसं एकत्र बसली की हशा येतो, डोळे पुसले जातात, सुटल्यावर बोलणं होतं. वीज आणि माणसंही कमी लागतात. प्रत्येक खेळाचा नुसता चालवायचा खर्च, म्हणजे वीज, जनरेटर, प्रोजेक्टरचा दिवा, चार माणसांची मजुरी, एकदा बसून काढून ठेवा. त्याच्या खाली जाणारा कार्यक्रम करायचा असेल तर पुरस्कर्ता आधी शोधा. गावातला सराफ, कापड दुकानदार, पतसंस्था यांना पडद्यावरची स्लाइड आणि रांगभर तिकिटं असा व्यवहार चालतो.

जाहिरात महिन्याच्या पहिल्या तारखेला, एका पानावर. वरच्या अर्ध्यात येणारे सिनेमे, खालच्या अर्ध्यात कार्यक्रम, सगळीकडे वार, वेळ आणि सुटण्याची वेळ. सुटण्याची वेळ छापणारं थिएटर मी फारसं पाहिलेलं नाही, पण गावाकडच्या माणसाला गाडी पकडायची असते, त्याला तीच हवी असते. हे पान एसटी स्टँडवर, बाजारात, दूध संकलन केंद्रांवर, ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर आणि पेपरात घालून जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर तेच पान, वेगळं काही नको. ‘लवकरच’च्या काचेच्या चौकटीत फक्त पक्कं झालेल्या सिनेमाचंच शोकार्ड, म्हणजे छोटं पोस्टर लावा. वितरकाने फोनवर ‘बघू’ म्हटलेलं कार्ड लावलंत आणि सिनेमा आला नाही, की पुढच्या महिन्याच्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तुम्ही विचारलंय, लगेच सुरू करायचं तर काय करू. येत्या महिन्यात फक्त दोन गोष्टी करा: बाजाराच्या दिवशी बाराला बायकांचा खेळ, आणि एका शनिवारी एका शाळेचा. तिसरी गोष्ट घेऊ नका. दोन्ही खेळांच्या वेळी तुम्हा तिघांपैकी एकाने तिकीट खिडकीवर न बसता दारात उभं राहायचं, येणाऱ्याला विचारायचं कुठून आलात, कशाने आलात, परत कशाने जाणार, आणि ती उत्तरं वहीत लिहायची. पुढच्या महिन्याचा कागद भिंतीवर लावाल तेव्हा ती वही समोर ठेवा, आणि वितरकाला फोन त्यानंतर करा.